लो मेन्टेनन्स

“याला काही लागत नाही गं. पंधरा दिवसांतून एकदा ग्लासभर पाणी टाक, बास! एकदम लो मेन्टेनन्स. तुझ्यासारखंच!”

२०१९ चा मार्च महिना. ऑफिसमधली माझी मैत्रीण वाळूजची नोकरी सोडून पुण्याला, हिंजवडीला चालली होती. केक कापून झाला, समोसे संपले, ‘टचमध्ये राहू या’ हेही सगळ्यांनी म्हणून घेतलं. निघता निघता तिने स्वतःच्या डेस्कवरची कुंडी उचलली आणि माझ्या डेस्कवर ठेवली. कुंडी कसली, चहाच्या मगापेक्षा जरा मोठी. त्यात राखाडी-हिरव्या, जाड, टोकदार पानांची एक चांदणी. पानांच्या दोन्ही कडांना पांढऱ्या काट्यांची करवत. जानेवारीत पुण्याला एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात तिला ते झाड सॉलिड आवडलं होतं, पण आता नव्या फ्लॅटला बाल्कनीच नव्हती.

खरं सांगू? झाडापेक्षा मला ते ‘तुझ्यासारखंच’ जास्त आवडलं. आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये माझी इमेजच ती होती. हिला सुट्टी नको, हिची कुरकुर नाही, अप्रेझलला वाद नाही. “तिचं काही टेन्शन नसतं,” असं आमचे बॉस चारचौघांत म्हणायचे आणि मी मनातल्या मनात कॉलर ताठ करायचे.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये कुंडी मांडीवर घेऊन बसले. खड्डा आला, बस उडाली, माझं बोट पानांच्या आत गेलं. जाताना काहीच वाटलं नाही. बाहेर काढताना मात्र अडकलं! काटे मासे धरायच्या गळासारखे वाकडे. बोट सुटलं तर ओढणी अडकली. ती बाबा पेट्रोल पंपापासून सिडकोपर्यंत सुटली नाही. शेवटी घरी आईने केसातली पिन काढून एकेक काटा सोडवला.

“हे काय आणलंस? ही तर घायपात. आमच्या गावाकडे केकताड म्हणतात, बांधाला लावतात. पैसे देऊन घेतलं कुणी?”

“घायपात नाही गं. डिकिया.”

“डिकी? गाडीची?”

झालं! त्या दिवसापासून ती आमच्याकडे डिकीच झाली.

नाव कुठून आलं ते रात्री नेटवर शोधलं. जोसेफ झू साल्म-राइफरशाइट-डिक नावाचे एक जर्मन प्रिन्स होते. जन्म १७७३, मृत्यू १८६१. ऱ्हाइनलँडमध्ये स्वतःचा किल्लेवजा वाडा, आणि शौक काय, तर निवडुंग आणि मांसल पानांची झाडं जमवायची, त्यांची चित्रं काढायची, त्यांच्यावर लिहायचं! या प्रिन्सच्या नावावरून आमच्या डिकीचं बारसं झालं. मूळ गाव दक्षिण अमेरिका, त्यातही मुख्यतः ब्राझील. ऊन, खडक, उथळ माती, हेच तिचं घर. ‘दुष्काळ सहन करणारी’ हे तर प्रत्येक साइटवर लिहिलेलं. म्हटलं, मराठवाड्यासाठी याच्याहून परफेक्ट झाड कुठलं असणार?

डिकीची रवानगी गच्चीवर झाली, पाण्याच्या टाकीशेजारी. मी आठवण आली की ग्लासभर पाणी टाकायचे. दुसऱ्याच आठवड्यात आईने “केवढी धूळ बसलीय हिच्यावर” म्हणत ओल्या फडक्याने एक पान लख्ख पुसून काढलं. ती धूळ नव्हती. पानावरच्या सूक्ष्म खवल्यांची ती चंदेरी पावडर असते, आणि या झाडांना कडक उन्हात त्या थराचा आधार असतो. ते पुसलेलं पान शेवटपर्यंत वेगळंच दिसायचं, एकाच हाताला मेंदी लावल्यासारखं.

आता आमच्या घरच्या पाण्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचं छत्रपती संभाजीनगर, पाणी पितं ते पैठणच्या जायकवाडीचं. सुमारे पन्नास किलोमीटरवरून, उपसून आणलेलं. त्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यावर गेला होता. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी नळ यायचा. ‘पाण्याचा दिवस’ कॅलेंडरवर गोल केलेला असायचा, पण दिवस म्हणायचं आणि यायचं रात्री! कधी एकला, कधी अडीचला. लाइनमनला विचारलं की ठरलेलं उत्तर, “आज नै मॅडम, कल देखते.”

तर त्या रात्री आई जागायची. बाबा २०१५ मध्ये गेले, दादा पुण्यात, मला सकाळी पावणेसातची बस. मग कोण जागणार? नळाला हवा सुटल्याचा ‘फुस्स’ आवाज आला की ती उठायची. आधी हौद, मग मोटर लावून वरची टाकी, मग पिंपं, मग हंडे, मग बादल्या, शेवटी डबे-पातेली. सकाळी मी उठायचे तेव्हा घरात प्रत्येक भांडं काठोकाठ भरलेलं आणि आई चहा टाकत असलेली. मला वाटायचं, तिला सवय आहे. दादा फोनवर म्हणायचा, “आईचं एक बरंय, तिला काही लागत नाही.” मी म्हणायचे, “हो ना!”

प्यायचं पाणी वेगळं. त्यासाठी वीस लिटरचा जार यायचा. रोज सकाळी आई त्यातून माझ्या दोन बाटल्या भरून द्यायची. कंपनीत कूलर होता, त्यामुळे त्यातली एक बहुतेक वेळा तशीच राहायची. मग संध्याकाळी बसमध्ये बॅग जड नको म्हणून मी ती बेसिनमध्ये ओतून द्यायचे. रोज. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

मे उजाडला. पारा चाळिशीच्या वर. एका रविवारी गच्चीवर गेले तर डिकी ओळखू येईना. पसरलेली पानं आतल्या बाजूला वळून मिटलेली, मूठ आवळल्यासारखी. खालची आठ-दहा पानं वाळून कागद झालेली. चंदेरी चमक गेली, नुसता राखेचा रंग. मी घाबरून दोन ग्लास पाणी टाकलं. कुंडीच्या भोकातून ते लगेच खाली आलं. म्हटलं, प्यायली. दोन दिवसांनी पाहिलं, तर तशीच.

आमच्या गल्लीत बॉटनीचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. सगळी गल्ली त्यांना नुसतं ‘सर’ म्हणते. त्यांच्याकडे कुंडी घेऊन गेले. सरांनी ती हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, “एवढी हलकी कशी?”

मग त्यांनी माझ्यासमोर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी मातीवरून घरंगळलं, कुंडीच्या कडेने गेलं आणि खालून बाहेर. सरांनी कुंडी उलटी करून झाड बाहेर काढलं. मधला गोळा कोरडा ठणठणीत!

“नर्सरीवाले कोकोपीटमध्ये लावून देतात,” सर म्हणाले. “ते एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही. तू टाकलेलं पाणी हिच्या मुळांपर्यंत गेलंच नाही. तुला वाटलं दिलं, हिला मिळालंच नाही.”

“पण सर, ही तर दुष्काळात टिकणारी...”

“टिकणारी. मरत नाही, एवढंच. त्यात मजेत राहते असं कुठे लिहिलंय?”

मग सरांचा क्लासच सुरू झाला, आणि मी कॉलेजात कधी ऐकला नसेल इतका मन लावून ऐकला.

डिकिया ही ब्रोमेलियाड कुळातली. तीन हजारांहून जास्त जातींचं हे कुळ सगळं अमेरिका खंडातलं, फक्त एक जात पश्चिम आफ्रिकेत सापडते. यातली बरीच भावंडं झाडांच्या फांद्यांवर राहतात आणि पानांच्या मधल्या पेल्यात पाणी साठवतात. डिकियाला तो पेला नाही. ती जमिनीवर, खडकांवर राहते आणि मुळांनीच पाणी पिते. म्हणून पाणी पानांच्या मध्यात नव्हे, मातीत द्यायचं. डिकिया ब्रेव्हिफोलिया नावाची तिची एक बहीण तर दक्षिण ब्राझीलमध्ये नदीकाठच्या खडकांवर वाढते. पूर आला की चक्क पाण्याखाली जाते, ओसरला की पुन्हा उन्हात!

“मग ती दुष्काळ काढते कशी?” मी विचारलं.

“रात्री जागून,” सर म्हणाले.

माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं असावं, पण सर पुढे बोलत राहिले. बहुतेक झाडं दिवसा पानांची बारीक छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. पण छिद्र उघडलं की आतलं पाणीही वाफ होऊन जातं. डिकिया, अननस, निवडुंग ही मंडळी दिवसा सगळी दारं-खिडक्या बंद ठेवतात. रात्री गारव्यात उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद दाराआड त्यातून अन्न बनवतात. या प्रकाराला आज ‘कॅम’ म्हणतात. आणि त्याची एक पहिली नोंद आपल्याकडचीच बरं का! बेंजामिन हेन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं. त्यांनी ते पत्राने कळवलं आणि १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. रात्री साठवलेलं आम्ल दिवसा वापरून संपतं, म्हणून चव बदलते.

आमच्या जिन्यात आईने लावलेली पानफुटी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तिच्या पानाचा तुकडा चावून पाहिला. आंबट! दुपारचा तुकडा रविवारी खायचा ठरवला आणि बस पकडली.

तो रविवार आलाच नाही.

गुरुवारी पाण्याचा दिवस होता. रात्री कधीतरी बादली पडल्याचा आवाज झाला. मी कूस बदलली. मग लक्षात आलं की बादलीनंतर आईचा आवाज यायला हवा होता, ‘काही नाही गं, झोप तू’ असा. तो आला नाही.

ती जिन्यात बसली होती. भिंतीला टेकून, डोळे मिटून. सगळीकडे पाणी सांडलेलं. माझा आवाज ऐकून तिने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली ते, “मोटर बंद कर, टाकी भरली असेल.”

हॉस्पिटलमध्ये दोन सलाइन लागल्या. लघवीचं इन्फेक्शन, उन्हाचा त्रास, आणि मुळात अंगात पाणीच नाही. डॉक्टर बाईंनी विचारलं, “आजी, दिवसभरात पाणी किती पिता?”

“लागेल तेवढं पिते की.”

“म्हणजे किती?”

आई बोलली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “जार चार दिवस पुरवायचा असतो. हिच्या बाटल्या भरायच्या असतात. मला कुठे एवढी तहान लागते?”

डॉक्टर बाई म्हणाल्या, “तुम्हीच तहान मारत गेलात, मग लागेल कशी?”

मी बाहेर पॅसेजमध्ये आले. डोळ्यांसमोर कंपनीतलं बेसिन होतं.

दादा सकाळच्या पहिल्या गाडीने आला. नेहमीचं झालं, “आई, तू पुण्याला चल.” आई म्हणाली, “तिकडे येऊन काय करू? आणि ही एकटी कशी राहील?” म्हणजे सलाइन तिला लागली होती आणि काळजी माझी! दादा आणि मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसलो. बऱ्याच वर्षांनी असे समोरासमोर. तो म्हणाला, “मला खरंच वाटायचं की तिला काही लागत नाही.” मी म्हटलं, “मी तर एकाच घरात राहते.” चहा गार झाला.

त्यानंतर आम्ही ज्या गोष्टी केल्या त्या काही ग्रेट नव्हत्या. जार दोन आले. दादाने दर महिन्याला एका टँकरचे पैसे द्यायचं ठरवलं, आणि आजतागायत देतो. पाण्याच्या रात्री आई आणि मी आळीपाळीने जागायला लागलो. त्यासाठी मला ऑफिसमध्ये काहीतरी मागावं लागणार होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा! पाय लटपटत केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, “सर, आठवड्यातून एक दिवस मला जनरल शिफ्टच्या बसने येऊ द्या. घरी पाणी असतं.” सरांनी लॅपटॉपमधून मान वर केली. “ये की. त्यात काय! तू कधी काही मागितलंच नाहीस, मला वाटलं तुझं सगळं बरं चाललंय.”

इतकंच. मी दहा वाक्यं पाठ करून गेले होते. पुढची नऊ वापरावीच लागली नाहीत.

आई घरी आल्यावर चौथ्या दिवशी म्हणाली, “ती डिकी मेली का गं?”

मेली नव्हती. सरांनी सांगितल्याप्रमाणे मी कुंडी बादलीत बुडवून ठेवली होती, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग सावलीत. आता कुंडी बदलायची होती आणि हे काम एकटीचं नव्हे. आई खुर्चीवर बसून ऑर्डर सोडत होती. आधी वर्तमानपत्राची जाड घडी करून झाडाभोवती गुंडाळली. स्वयंपाकघरातली सांडशी आणि दादाचे जुने बाइकचे हातमोजे घेतले. तरी दोन काटे लागलेच! वाळलेली पानं खालून ओढून काढली. मुळं झटकून जुना कोकोपीट शक्य तेवढा काढला.

माती कुठली? आपली काळी माती कापसाला सोनं, पण या कुंडीत नको. पाणी धरून बसते आणि सुकली की भेगाळते. आम्ही एक भाग बागेची लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि मुरूम, वर दोन मुठी जुनं शेणखत असं कालवलं. कुंडी मातीची घेतली. काळी प्लास्टिकची कुंडी मे महिन्यात इतकी तापते की मुळं शिजून निघतात. जागा पूर्वेकडची, म्हणजे सकाळचं कडक ऊन मिळतं आणि दुपारी तीननंतर टाकीची सावली.

आणि पाणी? उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड, पोटभर, खालून बाहेर येईपर्यंत. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी. पावसाळ्यात पाऊस बघून. आईची ट्रिक अशी की उदबत्तीची विझलेली काडी मातीत खुपसायची. कोरडी निघाली तर पाणी, ओली माती चिकटली तर थांबायचं. तांदूळ धुतलेलं पाणी डिकीसाठी राखीव झालं. मामा मोसंबीच्या बागेचं तांबं असलेलं बुरशीनाशक मारू म्हणाले, तर सरांनी हात जोडले. “या कुळाला तांबं चालत नाही,” म्हणाले.

डिकी अननसाची चुलतबहीण आहे हे कळल्यावर आईचा इंटरेस्ट एकदम वाढला. “मग अननसच का नाही लावला? खायला तरी मिळेल.” तिने बाजारातून आणलेल्या अननसाचा शेंडा पिळून काढला, खालची पानं सोलली, दोन दिवस सुकवला आणि तेलाच्या डब्यात लावला. सर संध्याकाळी चक्कर मारायला आले आणि ते पाहून खूश झाले. अननस आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणला, शब्दसुद्धा त्यांच्याचबरोबर आला. जहांगीर बादशहाने आठवणींमध्ये लिहून ठेवलंय की आग्र्याच्या गुलअफशां बागेत दरवर्षी हजारो अननस होतात.

“आणि त्याच जहांगीरला आपल्या मलिक अंबरने शेवटपर्यंत दख्खनेत झुंजवलं,” सर म्हणाले. “हे शहर त्याचंच. १६१० मध्ये वसवलं तेव्हा नाव काय होतं? खडकी. नावातच खडक! बादशहाकडे अननस असतील, पण या माणसाने खडकात शहर वसवलं आणि पाठोपाठ नहर-ए-अंबरी खोदली. डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. लोक काटक आहेत, काढतील कसेतरी, असं म्हणून तो थांबला नाही.”

आई डब्यातल्या अननसाला पाणी घालत होती. ती म्हणाली, “तेव्हा तरी रात्री एकला यायचं की दिवसा?”

सरांकडे याचं उत्तर नव्हतं.

ऑगस्टमध्ये पाऊस तिकडे नाशिकला पडला आणि इकडे नाथसागर भरला. डिकीच्या मध्यातून एक नवं पान आलं, मग दुसरं. वाढ अगदी हळू, ईएमआय फिटतो तशी. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी घरून काम करायला लागले. तेव्हा पहिल्यांदा कळलं की आई दिवसभरात काय काय करते. मीटिंग म्यूट करून मी दर दोन तासांनी ओरडायचे, “आई, पाणी!” आणि ती ओरडायची, “तुला हवंय की मला सांगतेस?” हा आमचा जोक झाला. कोण विचारतंय आणि कुणाला, याला आता अर्थ नसतो. दोघी पितो.

२०२२ च्या मार्चमध्ये डिकीच्या बगलेतून एक दांडा निघाला. मधून नाही, बाजूने. महिनाभरात तो हातभर झाला आणि त्याला पिवळ्या-नारिंगी फुलांची रांग लागली. अननसाचं झाड एकदा फळ दिलं की मागे पिलं ठेवून संपतं. डिकीचं तसं नाही, ती फुलून पुन्हा उभी राहते. तिकडे तिच्या देशात हमिंगबर्ड येतात म्हणे. आमच्याकडे एक जांभळा शिंजीर आला. सकाळी साडेसहाला, दांड्यावर लटकून, चोच खुपसून. आईने मला हाक मारली नाही, कारण हाक मारली असती तर तो उडाला असता. खालून मिस्ड कॉल दिला! गच्चीवर दोघी जिन्याच्या दारामागे उभ्या राहून बघत होतो. ती माझ्या कानात म्हणाली, “बघ, नुसतं नीट पाणी दिलं तर.”

अननस आला तोही त्याच वर्षी. चिकूपेक्षा जरासा मोठा! तीन वर्षांच्या तपश्चर्येनंतर प्रत्येकी दीड फोड. पण वास काय होता, अहाहा!

डिकीचा आता मोठा गठ्ठा झालाय. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही तिची चार पिलं सुरीने वेगळी केली. एक सरांना, एक दादाला, एक आमच्या बॉसना. चौथं घ्यायला ती मैत्रीण स्वतः आली. एका लग्नासाठी शहरात आली होती.

“जिवंत आहे? कमाल आहे! म्हटलं नव्हतं, हिला काही लागत नाही!”

मी काही बोलायच्या आत आई आतून पेन घेऊन आली. तिने कुंडीवर आधीच एक कागद चिकटवला होता. त्यावर तिच्या शाळेच्या फळ्यावरच्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘पाणी लागते.’ थोडा विचार करून तिने खाली आणखी एक ओळ वाढवली.

‘मागत नाही. आपण विचारावे.’

मैत्रिणीने ती कुंडी बसमध्ये मांडीवर घेतली. शिरूरजवळ तिचा मेसेज आला, ओढणी अडकलीय.